थुंकी नको, बेडका हवा

‘उद्या सकाळी थुंकी घेऊन ये.’ क्षयरोगाच्या कामात आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य बहुधा हेच असेल, आणि ते चुकीचं आहे. ऐकणारा माणूस प्रामाणिकपणे थुंकीच घेऊन येतो. पांढरी, पातळ, फेस आलेली लाळ. क्षयाचे जंतू असतात फुप्फुसात. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेल्या घट्ट बेडक्यात ते सापडतात. तोंडातल्या लाळेत ते शोधणं म्हणजे विहिरीचं पाणी तपासायला अंगणातला घडा उचलून नेणं. अहवाल येतो ‘निगेटिव्ह’. माणूस सुटलो म्हणतो आणि खोकत घरी जातो. घरात नातवंडं असतात.

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. नोकरीचा मोठा भाग एका खिडकीमागे गेला. खिडकीतून डबी आत यायची, मी तिच्यावर नंबर टाकायचो, काचपट्टीवर नमुना पसरवायचो, कार्बोल फुक्सिन ओतून खालून तापवायचो, मग आम्ल, मग मिथिलीन ब्लू. निळ्या शेतात लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. एकदा एका म्हाताऱ्याला म्हटलं, ‘‘बाबा, ही नुसती लाळ आहे हो.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘थुकी हाडूक सांगल्यानी, थुकी हाडलंय.’’ त्याचं काय चुकलं?

त्याला पाठवणाऱ्या आशाताईंना मी ओळखत होतो. आदल्याच महिन्यात तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं आणि शेवटी झालेल्या लेखी चाचणीत त्यांना चांगले गुण होते. ‘तपासणीसाठी कोणता नमुना घ्यावा?’ या प्रश्नाला त्यांनी ‘बेडका’ असंच लिहिलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. पण गावात, चुलीपुढे बसलेल्या माणसाला ‘बेडका’ म्हणायला ओशाळल्यासारखं होतं, शिवाय त्या दिवशी त्यांना आणखी तेरा घरं करायची होती. त्यांच्या डोक्यात जे होतं ते त्या म्हाताऱ्याच्या डबीपर्यंत पोचलं नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांना क्षयरोगाची माहिती किती, हा प्रश्न आपण नेहमी कर्मचाऱ्यांनाच विचारतो. प्रश्नपत्रिका काढतो, टक्केवारी लावतो आणि मग ‘ज्ञान समाधानकारक’ किंवा ‘प्रशिक्षणाची गरज’ असा शेरा मारून फाइल बंद करतो. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न रुग्णाला विचारायला हवा. कर्मचाऱ्याला काय येतं ते त्याच्या रुग्णाला काय सांगता येतं यावरून मोजा. बाकीची मोजमापं कागदाच्या सोयीची आहेत.

हे केवळ माझ्या खिडकीतून दिसलेलं चित्र नाही. मुंबईत धारावीतल्या खाजगी डॉक्टरांना क्षयाचं प्रिस्क्रिप्शन लिहून दाखवायला सांगितलं गेलं, त्याचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराच्या आसपास डॉक्टर, आणि त्यांनी लिहिलेल्या औषधयोजना ८० प्रकारच्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तेच पाहिलं. १०६ डॉक्टर, ६३ औषधयोजना, आणि बरोबर लिहिणारे सहा. धारावीचं मला काय, असं कोकणातल्या कुणी म्हणू नये. आमचा चाकरमानी मुंबईत खोकायला लागतो तेव्हा पहिला जातो तो अशाच कुठल्या तरी नाक्यावरच्या दवाखान्यात. गिरण्या होत्या त्या काळापासून हा रोग मुंबई आणि रत्नागिरीच्या गावांमध्ये बोटीने, मग एसटीने आणि आता कोकण रेल्वेने ये-जा करतो आहे.

पण या दोन अभ्यासांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो तो दिल्लीचा, २०१५ मध्ये आलेला. त्यात डॉक्टरांना प्रश्न विचारत बसले नाहीत. साध्या माणसांना शिकवून, खोट्या पण नेमक्या तक्रारी पाठ करायला लावून, रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवलं. अशा २५० भेटींपैकी ५२ वेळा, म्हणजे २१ टक्के वेळा, योग्य ते केलं गेलं. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) याच प्रकारच्या रुग्णाची हकिगत कागदावर मांडून विचारली तेव्हा डॉक्टरांनी कितीतरी चांगली उत्तरं दिली. कागदावरच्या रुग्णाला बेडका तपासायला सांगितलं, समोर बसलेल्याला खोकल्याचं औषध दिलं.

का? कारण समोर बसलेल्या रुग्णाला आज बरं वाटायला हवं असतं. आमच्या बाजारपेठेतल्या दवाखान्यात पन्नास माणसं बाकावर आहेत, बाहेर पाऊस आहे, माणूस शेवटच्या एसटीच्या घाईत आहे. त्याला ‘दोन दिवस सकाळचा नमुना दे’ म्हणणारा डॉक्टर त्याला आवडत नाही, सुई टोचणारा आवडतो. मग लेव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडंफार चालतं, पूर्ण नव्हे. ताप उतरतो, भूक लागते, डॉक्टरचं नाव होतं. महिन्या-दोन महिन्यांनी खोकला परत येतो, आणि दरम्यान तपासणी केली तर नमुन्यात जंतू सापडायची शक्यताही कमी झालेली असते. दम लागत असेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, त्यानेही तात्पुरता आराम आणि आत रोगाला मोकळं रान. मी कुणाला खलनायक करत नाही. हे डॉक्टर रात्री दोन वाजता विंचू चावलेल्याला पाहायला उठलेले मला माहीत आहेत. पण क्षयाच्या बाबतीत त्यांचं ज्ञान दवाखान्याच्या अर्थव्यवहारापुढे हरतं आणि आपण त्याला ‘अज्ञान’ म्हणून आणखी एक कार्यशाळा लावतो. हॉटेलात, दुपारच्या जेवणासकट.

रक्ताची ‘टीबी टेस्ट’ हेही असंच. रक्तातली प्रतिद्रव्यं पाहून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. त्यानंतर बरीच वर्षं माझ्या खिडकीवर लोक ‘रक्तातून टीबी कळतो ना?’ असं विचारत यायचे. त्यांना कुणी तरी तसं सांगितलेलं असायचं.

सरकारी बाजूला दुखणं वेगळं आहे. तिथे ज्ञान शिळं होतं. मी नोकरीत होतो तेवढ्या काळात खोकल्याची अट तीन आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आली. नमुने तीनाचे दोन झाले. नव्या रुग्णाला लाल डबा, पुन्हा उलटलेल्याला निळा डबा, असं प्रत्येकाच्या नावाने औषधाचं खोकं यायचं आणि आठवड्यातून तीन दिवस गोळ्या असायच्या. निळ्या डब्याबरोबर दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. पुढे, २०१७ च्या सुमारास, एक दिवसाआड गोळ्या बंद होऊन रोजच्या सुरू झाल्या, त्याही वजनानुसार: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. निळा डबा आणि त्याची इंजेक्शनं इतिहासजमा झाली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षं आणि शेकडो सुया लागायच्या. त्यासाठी २०२४ मध्ये आपल्याकडे सहा महिन्यांची, फक्त तोंडाने घ्यायची औषधयोजना मंजूर झाली.

हे सगळे बदल चांगलेच आहेत. पण ते उपकेंद्रापर्यंत कसे पोचतात? मोबाइलवर, इंग्रजी पीडीएफ म्हणून, ‘कृपया सर्वांनी वाचावे’ असा निरोप वर लावून. खाली अठरा अंगठे येतात. आठव्या मिनिटाला त्याच गटावर लेप्टोची माहिती मागितली जाते, दहाव्या मिनिटाला आधार जोडणीची. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापाचे दिवस असले की क्षयाकडे बघायला कुणाला फुरसत नसते. दहा वर्षांपूर्वी नीट शिकलेला आरोग्यसेवक आजही तळमळीने सांगतो, पण जुनं सांगतो. एका गावात ‘डॉटच्या गोळ्या एक दिवस आड’ असं गोळ्या रोजच्या झाल्यानंतरही चालू होतं, आणि सांगणारा माणूस कामचुकार अजिबात नव्हता.

आता रुग्णाकडून बघू. पहिल्या आठवड्यातच त्याची लघवी कोकम सरबताच्या रंगाची होते. गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग तो, निरुपद्रवी. हे एक वाक्य गोळ्या सुरू करताना सांगितलं तर काही होत नाही. नाही सांगितलं तर घरातले म्हणतात कावीळ झाली, आणि कोकणात कावीळ उतरवणारा प्रत्येक चार गावांमागे एक आहे. तो पहिली गोष्ट काय करतो, तर ‘विंग्रजी औषध बंद’. दुसऱ्या बाजूने, याच गोळ्यांनी खरीखुरी कावीळही होऊ शकते: डोळे पिवळे, अन्न नको, सारखी ओकारी. ती झाली तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. म्हणजे रुग्णाला फरक कळायला हवा. लघवी लाल, डोळे पांढरे, तर घाबरू नको. डोळे पिवळे, तर धावत ये. एवढंच. प्रश्नपत्रिकेत हे ‘औषधांचे दुष्परिणाम लिहा, गुण ४’ असं येतं आणि चारही गुण मिळवणारी सिस्टर गोळ्या देताना ‘काही झालं तर सांगा’ म्हणून मोकळी होते. काही म्हणजे काय?

पायरॅझिनामाइडने सांधे दुखतात. जुलैत लावणीला वाकलेल्या बाईला ते गोळ्यांमुळे आहे हे स्वप्नातही येणार नाही, ती सहन करते. किंवा उलट होतं, सांधे लावणीमुळे दुखतात आणि बंद होतात गोळ्या. इथॅम्ब्युटॉलने नजर अंधुक होऊ शकते, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. खलाशी असेल तर त्याला हे वेळीच सांगायला हवं, रात्री बंदराचे दिवे त्याला ओळखायचे असतात. आणि एक गोष्ट अशी की जी मी पंधरा-वीस आशाताईंना विचारली असेल, बरोबर उत्तर दोघींकडून आलं: रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. यकृत त्या गोळ्यांचा निचरा भराभर करून टाकतं. आता बघा, माला-एनचं पाकीट देणारी आशाताई तीच आणि क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या का ते बघणारीही तीच. दोन्ही कामांची प्रशिक्षणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या विभागाची, वेगळ्या रंगाच्या पुस्तिकेत. तिच्या एकाच पिशवीत दोन औषधं एकमेकांना भेटतात ही गोष्ट कुणी तिला सांगितलीच नाही. सांगितली असती तर ती स्वतःच म्हणाली असती, सहा महिने तांबी नाही तर निरोध.

माशांचं तर विचारूच नका. क्षय झाला की आमच्याकडे पहिलं पथ्य मासे बंद. उष्ण पडतात म्हणून. मग आंबट बंद, म्हणजे सोलकढी गेली. मग तेलकट बंद. अडतीस किलोचा माणूस पेज आणि मुगाच्या पाण्यावर येतो, आणि ज्या घरात रोज दुपारी बांगड्याचं तिखलं शिजतं त्या घरात प्रथिनांवाचून झुरतो. भिंतीवरच्या पोस्टरवर ‘प्रथिनयुक्त आहार घ्या’ लिहिलेलं असतं आणि चित्रात सफरचंद. खाण्याचं महत्त्व किती हे आता तर्कावर राहिलेलं नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्या घरांतले नवे क्षयरुग्ण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले. सरकार २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे खात्यावर येतात, आणि सिस्टर मान डोलावते, ‘हो, मासे जरा टाळाच.’

एका आरोग्यसेविकेने मात्र मला एकदा अडवून विचारलं होतं. तिच्या रुग्णाने सुटीच्या दिवशी बांगडे खाल्ले, तासाभरात तोंड लालबुंद, धडधड, डोकं ठणकायला लागलं. तेव्हापासून तो गोळ्याच घेईना. ‘‘खरंच उष्ण पडतात का हो?’’ मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर वाचलं आणि माझीच लाज वाटली. बांगडा, कुपा अशा माशांना बर्फ नीट मिळाला नाही तर त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, असा त्रास त्यानेच होतो, आणि ते शिजवून जात नाही. शरीर एरवी त्याचा निकाल लावतं, पण क्षयाच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड ते काम मंदावतं. म्हणजे त्या बिचाऱ्याला जे झालं ते खरं होतं, फक्त दोष गोळीच्या उष्णतेचा नव्हता, बर्फाविना दुपारपर्यंत टोपलीत राहिलेल्या बांगड्याचा होता. त्याला सांगायला हवं होतं: मासे खा, भरपूर खा, पण ताजे खा, आणि बांगडा-कुपा शिळा वाटला तर हात लावू नको. दिल्लीत लिहिलेल्या मार्गदर्शिकेकडून या वाक्याची अपेक्षा कुणी धरू नये. ते इथेच, मासळी बाजारापासून दहा मिनिटांवर असलेल्या उपकेंद्रात तयार व्हायला हवं. सिस्टरकडे निरीक्षण होतं, माझ्याकडे पुस्तक होतं, आणि आम्हा दोघांना एका टेबलावर बसवणारी एकही बैठक त्या व्यवस्थेत नव्हती. बैठका खूप होत्या. त्यांत आकडे वाचले जायचे.

इथल्या कॅलेंडरचंही तसंच. उपचार सहा महिन्यांचे. यांत्रिक बोटी एक जूनला किनाऱ्याला लागतात, खलाशी परराज्यांतले, ते आपापल्या गावी जातात. हापूसच्या बागा राखणारे नेपाळी कुटुंबासकट येतात आणि आंबा संपला की निघतात. चिरेखाणींवरचे मजूर पहिल्या पावसाला पांगतात. जानेवारीत ज्याच्या गोळ्या सुरू झाल्या तो जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठे असेल, हे तांडेलाला माहीत आहे, बागमालकाला माहीत आहे, आशाताईंना तर नक्कीच. उपचारकार्डावर त्यासाठी रकाना नाही. जून उजाडतो, रुग्ण ‘संपर्कात नाही’ होतो आणि आढावा बैठकीत आरोग्यसेवकाला विचारतात, समुपदेशन नीट केलं नव्हतं का? खरं तर जानेवारीतच विचारायचा प्रश्न होता, ‘गावी कधी जाणार, आणि तिथला सरकारी दवाखाना कोणता?’ क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवरून रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, चार क्लिकचं काम आहे. विचारायचं सुचलं पाहिजे.

याच्या जोडीला एक कबुली देतो. लक्षणं विचारून क्षय शोधण्याची जी रीत आम्ही आयुष्यभर घोकली, तिच्यातच मोठं भोक आहे. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटले असते. आणि ज्यांना लक्षणं होती त्यांच्यातले ६४ टक्के कुठे गेलेच नव्हते. म्हणजे ‘दोन आठवड्यांचा खोकला’ हे उत्तर पाठ असलेला कर्मचारीही अर्धंच जाणतो. २०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याचं आपलं उद्दिष्ट होतं, ते हुकलं. लाखामागे नवे रुग्ण २०१५ मध्ये २३७ होते, २०२४ मध्ये १८७. घट आहे, मुक्ती नाही.

ज्ञान असूनही ते अंगात मुरलेलं नसतं याचं माझ्या आठवणीतलं उदाहरण मी फार दिवस लिहायचं टाळलं. आमच्याबरोबर एक सिस्टर होत्या. वॉर्डात त्यांच्याइतकं चांगलं समजावणारं कुणी नव्हतं. क्षय हवेतून पसरतो, ताट-वाट्या वेगळ्या करू नका, औषधं सुरू झाली की थोड्याच दिवसांत संसर्गाचा धोका उतरतो, आईने बाळाला पाजणं बंद करायचं नाही. हे सगळं त्या रुग्णाच्या नातेवाइकांना गोड आवाजात दहा वेळा सांगायच्या. मग त्यांनाच गाठींचा क्षय झाला. गळ्यातला. तो खोकल्याने पसरणारासुद्धा नव्हे. त्यांनी रुग्णालयात कुणाला कळू दिलं नाही. भावाकरवी मुंबईहून गोळ्या मागवल्या, विकत. उन्हाळ्यात मानेला रुमाल. घरी स्वतःचं ताट वेगळं ठेवलं, हे त्यांनीच मला निवृत्तीनंतर सांगितलं. मी विचारलं, ‘‘तुम्हीसुद्धा?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मुलीचं लग्न ठरत होतं.’’ लेखी परीक्षेत त्यांना शंभरापैकी शंभर पडले असते. आणि तरी जी भीती त्या दुसऱ्यांच्या मनातून काढत होत्या ती त्यांच्या घरात ठाण मांडून होती, कारण आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याचं काय, हा विषय कुठल्याच प्रशिक्षणात नव्हता. आम्हा प्रयोगशाळेतल्यांना तरी कुठे कुणी विचारलं? दिवसभर बेडके हाताळायचे, आणि खिडकी उघडी ठेवा एवढी एकच सूचना. पावसाळ्यात तीही बंद.

मग करायचं काय? माझी सूचना साधी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. उपचाराचा दुसरा महिना संपताना प्रत्येक रुग्णाला, त्याच्या बोलीत, कुणी तरी तिऱ्हाइताने पाच गोष्टी विचाराव्यात. लघवीचा रंग का बदलला. काय झालं तर धावत यायचं. गोळ्या किती आणि का तेवढ्याच, म्हणजे वजनाशी संबंध माहीत आहे का. घरातल्या कुणाकुणाची तपासणी झाली आणि ज्यांना क्षय नाही त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या मिळाल्या का. आणि गाव सोडून जावं लागलं तर गोळ्या कुठून घेणार. उत्तरं आली तर त्या भागातल्या कर्मचाऱ्याचं ज्ञान उत्तम. नाही आली तर पुन्हा प्रश्नपत्रिका काढू नका, त्याच्याबरोबर एक दिवस घरोघरी फिरा आणि तो काय बोलतो ते ऐका.

यावर एका अधिकाऱ्याने मला ऐकवलं की असं केलं तर कर्मचारी रुग्णांकडून उत्तरं पाठ करून घेतील. अहो, मग बिघडलं कुठे? तेच तर हवं आहे. शाळेत पोरांकडून इन्स्पेक्टरसाठी उत्तरं घोकून घेणं वाईट, कारण पोरांना ती कळलेली नसतात. रुग्णाने ‘डोळे पिवळे झाले तर धावत ये’ घोकलं तर त्याचा जीव वाचतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की क्षयाची औषधं तूर्त स्थानिक पातळीवर खरेदी करा, कारण पुरवठा अडला होता. त्या काळात उत्तम जाणकार सिस्टरने रुग्णाला काय सांगायचं होतं? एक दिवसही चुकवू नका असं दोन महिने बजावायचं आणि तिसऱ्या महिन्यात गोळ्या आलेल्या नाहीत म्हणायचं, यात तिचा शब्दच पडतो, आणि पडलेला शब्द पुरवठा सुरळीत झाल्यावर आपोआप उभा राहत नाही. तसंच मोबदल्याचं. रुग्णाचे सहा महिने पूर्ण करून घेतल्याबद्दल आशाताईंना १००० रुपये मिळतात. तेवढ्यात डोंगर उतरून-चढून वाडीवर जाणं आलं, शिमग्यात आणि भातकापणीत जाणं आलं, दारू पिऊन शिव्या देणाऱ्याच्या दारात उभं राहणं आलं. हिच्याकडून आपण औषधशास्त्राची अपेक्षा करतो. करावी, पण शरमून करावी.

यंत्रं मात्र आली. माझ्या सूक्ष्मदर्शकाला एका मिलिलिटरमध्ये दहा हजारांच्या आसपास जंतू असावे लागत, तेव्हा कुठे एखादी लाल काडी दिसे. जंतूची जनुकं शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला शंभर-दीडशे पुरतात, दोन तासांत निकाल, आणि औषधाला दाद देणारा क्षय की न देणारा तेही कळतं. तशाच कामाचं ट्रूनॅट तर शेजारच्या गोव्यातच बनतं, बॅटरीवर चालतं, लाइट गेली तरी अडत नाही. बांद्याची हद्द ओलांडून ते आमच्या आरोग्य केंद्रांपर्यंत आलं. त्यात घालायला माणूस अजूनही लाळच घेऊन येतो.

गेल्या गणपतीत शेजाऱ्यांचा मुलगा मुंबईहून आला होता. अंधेरीला कुरिअरचं काम करतो, क्षयाच्या गोळ्यांचा चौथा महिना चालू होता. आरती झाल्यावर पडवीत बसलो असताना मी त्याला माझे पाच प्रश्न विचारले, परीक्षा घ्यायची खोड जात नाही. चार त्याने न अडखळता सांगितले, कंटाळून सांगितले. ‘‘तिथल्या दवाखान्यात गोळ्या देणारी बाई आहे, काका. दर वेळी तेच तेच विचारते. डोकं पिकवते.’’ मग मी पाचवा विचारला, किती दिवसांच्या आणल्यास? त्याने आतून पाकीट आणून माझ्यासमोर मोजलं. परतीच्या गाडीनंतरही दोन दिवस पुरतील एवढ्या होत्या.

‘‘तिनेच दिल्या,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणाली, गणपतीत गाड्यांचा काही नेम नसतो.’’